उजेडावरून अंतर

कागल हे हमरस्त्यावरचे गाव. पुण्याहून बेंगळुरूला जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाला चाटून जातो, आणि पुढे दूधगंगा ओलांडली की कर्नाटक सुरू होते. आज तो रस्ता रुंद आहे आणि रात्रभर उजळलेला असतो. माझ्या लहानपणी तो अरुंद होता आणि रात्री काळाकुट्ट असे. आमचे रान रस्त्याच्या पलीकडे. मी दहा वर्षांचा असेन. एका पहाटे चुलत्यांबरोबर रानात निघालो होतो. चुलत्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते मागे बैल सोडत होते, मी पुढे रस्त्याच्या कडेला येऊन थांबलो. कोगनोळीच्या बाजूला एक मिणमिणता दिवा दिसला. मी हिशेब केला : दिवा एवढा बारीक, म्हणजे ट्रक अजून लांब, पार नदीच्या पुलापाशी असणार. आणि निवांत रस्त्यात पाऊल टाकले.

तो ट्रक नव्हता. गवळ्याच्या सायकलचा डायनामोचा दिवा होता, आणि जेमतेम वीस पावलांवर होता. सायकल, गवळी, दोन किटल्या आणि मी असे सगळे एकदमच आडवे झालो. दुधाचे पैसे आण्णांनी भरले. त्यांनी मला मारले नाही. रस्त्यावर पसरलेल्या दुधाकडे बघत एवढेच म्हणाले, ‘‘आरं, उजेड बघून लांबी सांगू नगंस. आदी दिवा कशाचा हाय ते बघ.’’

श्रोतेहो, पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो आणि तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकवले. दीर्घिकांची अंतरे कशी मोजतात, हे मुलांना सांगायची वेळ आली की दर वर्षी मला ती सांडलेली किटली आठवे. कारण खगोलशास्त्रज्ञांचा गेल्या शंभर वर्षांतला मोठा झगडा त्या एकाच गोष्टीशी आहे. दिवा किती मंद दिसतो, हे मोजता येते. तो मुळात किती वॅटचा आहे, हे कळले तरच अंतर निघते.

नियम सोपा आहे. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. तिप्पट लांब नेला तर नववा हिस्सा. हा व्यस्त वर्गाचा नियम. शंभर वॅटचा बल्ब अमुक इतका मंद दिसतो, तर तो तमुक अंतरावर आहे, हे नववीतला मुलगाही काढील. पण तो बल्ब शंभरचा आहे की पंचवीसचा, हे ठाऊक नसेल तर उत्तर दुपटीने चुकते. ही ‘दुपटीने’ची चूक लक्षात ठेवा, पुढे ती एका फार मोठ्या माणसाच्या हातून झालेली आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमारास गावाच्या उजेडापासून दूर रानात उभे राहा. डोक्यावरून जरा उत्तरेला सरकलेला, कापसाच्या पुसट बोळ्यासारखा एक ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तूंत आपल्याकडून दिसणारी ही सर्वांत लांबची म्हणायला हरकत नाही. शंभर वर्षांपूर्वी ती नेमकी काय आहे, यावरच वाद होता. काही म्हणत, तो आपल्या आकाशगंगेतलाच धुळीचा ढग आहे. काही म्हणत, ती आपल्यासारखीच पण स्वतंत्र, अब्जावधी ताऱ्यांची दुनिया आहे. वाद मिटवायला अंतर हवे, आणि अंतराला ओळखीचा दिवा हवा.

तो दिवा सापडला एका बाईला. हेन्रिएटा लेविट त्यांचे नाव. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत त्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासण्याचे काम करीत. त्यांना ऐकू कमी येई. पेरू देशातून काढलेल्या दक्षिण आकाशाच्या पट्ट्या त्यांच्यापुढे येत, आणि त्यांत मॅगेलनचा छोटा मेघ नावाची एक शेजारची दीर्घिका होती. कागलच्या क्षितिजावर ती येत नाही म्हटले तरी चालेल. त्या मेघात लेविटबाईंनी असे तारे टिपले, की ज्यांचा उजेड काही दिवसांच्या ठरावीक लयीत वाढतो आणि कमी होतो. यांना सेफीड जातीचे रूपविकारी तारे म्हणतात. १९१२ साली त्यांनी असे पंचवीस तारे मांडून दाखवले, की लय जितकी संथ तितका तारा तेजस्वी.

यातली खरी युक्ती अशी, की ते सगळे तारे एकाच मेघातले होते. निपाणीच्या बाजारातले सगळे दिवे कागलहून साधारण सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा त्यांतला जो प्रखर दिसतो तो खरोखरच प्रखर, जवळ असल्यामुळे नव्हे. म्हणजे तारा किती दिवसांत लुकलुकतो ते मोजा, त्यावरून तो किती वॅटचा ते कळेल. आण्णांच्या भाषेत, दिवा कशाचा हे त्याच्या लुकलुकण्यावरून ओळखायचे. लेविटबाई १९२१ साली वारल्या. स्वीडनमधल्या एका गणितज्ञाने त्यांना नोबेलसाठी सुचवावे म्हणून १९२५ साली पत्र धाडले, तेव्हा त्याला त्या गेल्याचे ठाऊकच नव्हते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीत असाच एक तारा सापडला. लय सुमारे एकतीस दिवसांची. त्यावरून हबल यांनी देवयानीचे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढले. वाद संपला. ती आपल्यातली नव्हती, फार फार दूर होती. पुढे १९२९ मध्ये हबल यांनी दाखवले, की दीर्घिका जितकी दूर तितकी ती आपल्यापासून अधिक वेगाने दूर जाते आहे. विश्व पसरते आहे.

इथे एक साधा हिशेब करू. कागलच्या स्टँडवरून सुटलेली एस.टी. साठच्या वेगाने जाते आहे आणि आता साठ किलोमीटरवर आहे, तर ती तासापूर्वी सुटली. दीर्घिकांचेही ढोबळमानाने तसेच. अंतर आणि वेग कळले, की हा पसारा केव्हा सुरू झाला ते काढता येते. हबल यांच्या आकड्यांवरून उत्तर आले सुमारे २०० कोटी वर्षे. आणि पंचाईत अशी, की पृथ्वीवरच्या खडकांचे वय १९४०च्या दशकात ३०० कोटी वर्षांच्या पुढे निघत होते. लेक आईपेक्षा थोरली भरली!

या पेचातून बाहेर पडायची एक वाट १९४८ मध्ये केंब्रिजला निघाली. फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड म्हणाले, विश्वाला आरंभच नाही. ते पसरते, आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. हाच स्थिर स्थिती सिद्धांत. त्यामागे इतरही विचार होते, पण वयाचा हा घोळ हे एक मोठे कारण होते. आणि याच हॉईल यांच्या हाताखाली पुढे आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर शिकले. जन्म १९ जुलै १९३८, शिक्षण बनारसला, १९५७ मध्ये केंब्रिजला प्रयाण, १९६४ मध्ये हॉईल-नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. विज्ञानकथांमुळे ते आपल्या घराघरांत पोचले, पण ज्या वादात त्यांनी आयुष्य घातले त्या वादाच्या मुळाशी काही ताऱ्यांच्या उजेडाचा हिशेब होता, हे फार कमी जणांना माहीत असते.

हिशेब चुकला होता. तो सापडला कसा, ही कथा मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात वॉल्टर बाडे नावाचे जर्मन खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेत माउंट विल्सनवर होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून युद्धाच्या कामात त्यांना घेतले नाही. बाकीचे सहकारी युद्धाला गेले, दुर्बीण मोकळी राहिली, आणि खाली लॉस एंजलिस शहरात हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवलेले. एवढे अंधारे आकाश तिथे पुन्हा कधी मिळाले नसेल. बाडे यांनी देवयानीच्या मध्यभागातले सुटे तारे टिपले आणि सांगितले, की ताऱ्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत.

युद्धानंतर पॅलोमार डोंगरावर दोनशे इंची दुर्बीण उभी राहिली. देवयानी जर खरोखर ९ लाख प्रकाशवर्षांवर असेल तर तिच्यातले आरआर लायरी नावाचे मंद चलतारे या नव्या दुर्बिणीत दिसायलाच हवे होते. बाडे यांनी शोधले. दिसले नाहीत. जे दिसायला हवे ते दिसत नाही, याचा अर्थ देवयानी मानली त्याहून खूप लांब आहे. उलगडा असा, की सेफीडांतही दोन जाती आहेत आणि हबल यांनी मोजलेले तारे मानले होते त्याच्या सुमारे चौपट तेजस्वी होते. चौपट तेज म्हणजे दुप्पट अंतर. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत बाडे यांनी हे जाहीर केले. त्या बैठकीची नोंद लिहायला चिटणीस म्हणून कोण बसले होते? फ्रेड हॉईल! आपल्या सिद्धांताला पाठबळ देणारा पेच सैल होत असल्याची नोंद त्यांनीच कागदावर उतरवली. विश्वाचे वय एका झटक्यात दुप्पट झाले, पुढच्या दुरुस्त्यांनी आणखी वाढले. देवयानी आज २५ लाख प्रकाशवर्षांवर मानतात.

सेफीडांची अडचण ही, की फार लांबच्या दीर्घिकांत ते सुटे दिसत नाहीत. मग दुसऱ्या युक्त्या. चकतीसारखी दीर्घिका जितकी जोराने स्वतःभोवती फिरते तितकी ती मुळात तेजस्वी असते, हे १९७७ मध्ये टली आणि फिशर यांनी दाखवले, आणि फिरण्याचा वेग तर दूरूनही मोजता येतो. दुसरी युक्ती १९८८ची, टॉन्री आणि श्नायडर यांची, आणि ती आपल्या खळ्यावरची वाटावी अशी आहे. ज्वारीची रास जवळून पाहिली तर दाणे दिसतात, पृष्ठभाग खरबरीत वाटतो. तीच रास बांधावरून पाहिली तर गुळगुळीत दिसते. लंबगोल दीर्घिकेचेही तसेच. जवळची असेल तर छायाचित्राच्या एकेका बारीक चौकटीत थोडे तारे येतात, म्हणून शेजारच्या चौकटी कमीजास्त उजळ, चित्र रवाळ. लांबची असेल तर प्रत्येक चौकटीत इतके तारे येतात, की सगळे सपाट होऊन जाते. हा रवाळपणा मोजायचा आणि अंतर काढायचे. दाणा एकही दिसत नाही, तरी रास किती लांब ते कळते!

पण सर्वांत लांब पोचणारा दिवा म्हणजे स्फोट पावणारा तारा, सुपरनोव्हा, त्यातही पहिल्या-अ प्रकारचा. श्वेतबटू नावाचा थंडावत चाललेला, पृथ्वीएवढा पण सूर्याच्या वजनाचा तारा दुसऱ्या ताऱ्याच्या संगतीत असतो, आणि कधीतरी सबंधच्या सबंध भडकून उठतो. काही आठवडे त्याचे तेज अब्जावधी सूर्यांएवढे असते. हे स्फोट जवळजवळ एकाच वॅटचे, आणि जो हळूहळू विझतो तो मुळात थोडा अधिक प्रखर, हे १९९३ पासून नीट कळल्यामुळे तो फरकही काढून टाकता येतो. अडचण एकच : शेजारच्या दीर्घिकेत, जिचे अंतर सेफीडांनी मोजता येते अशा दीर्घिकेत, असा स्फोट व्हायला हवा, म्हणजे दिव्यावरचे वॅट वाचता येतील. आणि तो कुठे, कधी होईल हे कुणी सांगावे?

इथे आपल्या जिल्ह्याचा दुसरा माणूस येतो. कागलहून पूर्वेला, कृष्णा-पंचगंगेच्या काठचे कुरुंदवाड तुम्हाला ठाऊक आहे. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये तिथला. शाळा हुबळीला, मग दिल्लीची आय.आय.टी., मग अमेरिकेत बर्कली. पुढे ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाले आणि ज्या पॅलोमारवर बाडे यांना तारे दिसले नव्हते, तिथल्या वेधशाळेची धुरा काही वर्षे त्यांच्याकडे होती. त्यांचा विचार असा : आकाश एकदाच पाहून भागत नाही, तेच आकाश पुन्हा पुन्हा पाहिले पाहिजे आणि आजच्या चित्रातून कालचे वजा केले पाहिजे. उरेल ते नवे. पॅलोमारच्या जुन्या अठ्ठेचाळीस इंची दुर्बिणीवर मोठा कॅमेरा चढवून २००९ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली ही शोधमोहीम सुरू झाली.

२४ ऑगस्ट २०११ रोजी या वजाबाकीत सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एका दीर्घिकेत एक नवा ठिपका उरला. पीटर न्युजंट यांच्या गटाने तो ओळखला. मेसिए यादीतली ही १०१ क्रमांकाची दीर्घिका, भिरभिऱ्यासारखी दिसणारी. स्फोटाचा उजेड पृथ्वीवर पोचायला लागून जेमतेम अर्धा दिवस झाला होता. पुढच्या अडीच आठवड्यांत तो शेकडो पट उजळला. हा पहिल्या-अ प्रकारचा स्फोट, कित्येक दशकांतला सर्वांत जवळचा, आणि अगदी उमलण्याच्या क्षणी पकडलेला. त्या दीर्घिकेत सेफीड आधीच मोजलेले होते. म्हणजे दिव्यावरचे वॅट वाचायची सोय झाली. कुलकर्णी यांना २०२४ मध्ये शॉ पारितोषिक मिळाले, त्यात अशा शोधमोहिमांचा मोठा वाटा आहे.

मी मात्र तो पाहू शकलो नाही. साध्या दुर्बिणीतून दिसतो, असे छापून आले होते, म्हणून रोज संध्याकाळी गच्चीवर जात होतो. पण सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे ढगांचे राज्य, आणि सप्तर्षी तेव्हा वायव्येला अगदी खाली टेकलेले. एका रात्री ढग फाटले, तर त्या दिशेला गावाचाच उजेड! वाईट वाटले, ते अजून वाटते.

तर हे अंतर किती? दोन कोटी दहा-वीस लाख प्रकाशवर्षे. ‘दहा-वीस’ हे मी आळसाने म्हणत नाही. वेगवेगळ्या पद्धतींनी जरा वेगळे आकडे येतात, आणि आजचे भांडण त्या फरकाचेच आहे. अशा शेजारच्या दीर्घिकांची अंतरे ही पहिली पायरी. तिच्यावर दूरच्या स्फोटांची शिडी उभी, आणि शिडीच्या टोकाला विश्वाच्या पसरण्याचा दर. ॲडम रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये बेचाळीस स्फोटांवरून काढलेला दर म्हणजे दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर. उलट विश्वाच्या बाल्यातले प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून गणित केले तर येतात ६७.४. शंभरात आठ-नऊचा फरक. दोन्हीकडचे लोक आपापल्या मोजमापाबद्दल ठाम आहेत. वेंडी फ्रीडमन यांचा गट सेफीडांबरोबर लाल राक्षसी ताऱ्यांच्या कमाल तेजाचाही आधार घेतो, त्यांचे उत्तर सत्तरच्या आसपास येते. वेब दुर्बिणीने सेफीड पुन्हा मोजले, तेव्हा हबल दुर्बिणीची जुनी मापे बरोबर ठरली. तरी भांडण मिटलेले नाही. एक तर कुठल्यातरी दिव्याचे वॅट अजून चुकत आहेत, नाहीतर विश्वाबद्दलची आपली समजूत.

आणि दिवा बरोबर ओळखला तरी मधली धूळ उरतेच. उसाचा पाला पेटवला की त्या धुरातून रस्त्यावरचा दिवा मंद दिसतो, आणि मंद म्हणजे लांब असे वाटते. दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद आहेत, त्यावरून विश्वाचे पसरणे वाढत्या वेगाचे आहे, असा निष्कर्ष १९९८ मध्ये निघाला आणि २०११चे नोबेल त्याला मिळाले. नारळीकरांनी सहकाऱ्यांसह २००० साली विचारले : ते लांब आहेत की मध्ये धूळ आहे? धातूच्या बारीक सुयांसारखे कण दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात असतील तर उजेड तसाच मंदावेल, असे त्यांचे म्हणणे. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही, आणि मलाही विश्वाला आरंभ होता असेच वाटते. पण विचारलेला प्रश्न अस्सल होता. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. अखेरपर्यंत त्यांनी महास्फोट मान्य केला नाही.

त्या भिरभिऱ्या दीर्घिकेने मला मात्र दुसरी संधी दिली. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना तिच्यात आणखी एक स्फोट दिसला. मेच्या अखेरीस आकाश मोकळे, सप्तर्षी उत्तरेला उंच. एका माजी विद्यार्थ्याची सहा इंची दुर्बीण घेऊन आम्ही रानात गेलो, बरोबर माझा नातू. वसिष्ठ आणि मरीची हे शेपटातले शेवटचे दोन तारे धरून समभुज त्रिकोण कल्पायचा, तिसऱ्या टोकाला ती दीर्घिका. बराच वेळ काहीच दिसेना. मग डोळा अंधाराला सरावला आणि त्या पुसट धुरकट डागाच्या कडेला एक सुईच्या टोकाएवढा ठिपका स्थिर झाला.

नातवाने पाहिले आणि विचारले, ‘‘आजोबा, किती लांब आहे हा?’’

मी आकडा सांगितला.

‘‘ह्या उजेडावरून काढला?’’

‘‘नाही रे,’’ मी म्हणालो. ‘‘हा दिवा वेगळा आहे. प्रचंड मोठा तारा आत कोसळून फुटला की असा होतो. यांचे वॅट सारखे नसतात, ह्याच्यावरून सरळ मोजता येत नाही. तो आकडा आधीच्या दिव्यांवरून काढलेला.’’

त्याने पुन्हा डोळा लावला. रस्त्यावरून कोगनोळीकडे ट्रक जात होते, एकामागून एक.